अठरा दिवस कमी

प्रिय संस्कृती,

हे व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर आईने तुझ्या आधी वाचलं असतं, म्हणून कागद. राजापूरचा गौरव परवा सिंगापूरला बोट सोडतोय. तो पूर्णगडला येऊन पत्र तुझ्याच हातात देईल. शिमग्याला येणार का, असं तू तीनदा विचारलंस आणि तीनही वेळा मी तुला इंजिनाचे फोटो पाठवले. उत्तर टाळतोय हे तुला कळलं असणारच.

तुझा टॅक्सचा रिफंड आला हे मी मेसमध्ये सगळ्यांना सांगितलं. माझी मुलगी कॉलेज करता करता पुण्याच्या कंपनीला गोष्टींच्या पुस्तकांची चित्रं काढून देते, वर्षाला ऐंशी हजार कमावते आणि त्यातले कापलेले आठ हजार परतही आणते! डिसेंबरातली तुझी धावपळ मात्र आठवते. विद्यार्थ्याला कसला आलाय टॅक्स, म्हणून तू निवांत होतीस. रिटर्न भरल्याशिवाय कापलेले पैसे मिळत नाहीत हे कळल्यावर मला फोन केलास, की बाबा, तुम्हाला बावीस वर्षांचा अनुभव आहे, सांगा. मी काय सांगणार? बावीस वर्षांत मी एक रुपया टॅक्स भरलेला नाही. मला एवढंच ठाऊक, की वर्षातले १८४ दिवस देशाबाहेर काढले की बोटीवरचा पगार करमुक्त.

मग तू कपाटातला माझा जुना फॉर्म काढलास आणि त्यात बघून स्वतःचा भरलास. माझ्यासारखंच 'अनिवासी' निवडलंस. सीएच्या ऑफिसातला विनीत म्हणाला म्हणे, "काय गो, एसटीशिवाय कशात बसली नाहीस, नि अनिवासी?" आई हे फोनवर सांगत होती तेव्हा हसण्यापायी तिला बोलवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही फॉर्म दुरुस्त केलात. मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर त्या 'अनिवासी'वरून मला एक जुनं वर्ष आठवलं.

तू दुसरीत होतीस. गणपती करून निघायचं आणि मार्चमध्ये दिवस भरले की परतायचं, हे आपल्या घरचं वेळापत्रक. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आई एकेक दिवस खोडायची. त्या वर्षी कंपनीने मला लवकर सोडलं. नऊ दिवस कमी पडत होते, म्हणून मी घरी न येता दुबईत माझ्या मित्राच्या, सागरच्या खोलीवर राहिलो. तो कामाला निघताना रोज म्हणायचा, "करमुक्त माणसा, भात तेवढा लावून ठेव रे." शिमग्याची पालखी आपल्या अंगणात आली तेव्हा तू फोन लावलास. मागे ढोल असा वाजत होता की तुला ओरडावं लागत होतं. पालखीला आपल्या घरचा खांदा म्हणून शेजारच्या आनंदाकाकांना उभं केलंय, असं सांगून तू विचारलंस, बाबा, बोट कधी लागणार? मी म्हटलं, अजून समुद्रात आहे. तेव्हा माझ्यासमोर चौथ्या मजल्याची खिडकी होती आणि खाली बसथांबा. आईला हे ठाऊक होतं, तिला बोल लावू नकोस. दोघांनी मिळून ठरवलं होतं. त्याच पैशांतून घराला स्लॅब पडला, तुझी फी गेली. चुकलं असं मी म्हणत नाही. फक्त तुझ्याशी खोटं बोललो, ते आज सांगितलं.

यंदा माझे दिवस सतरा मार्चला भरतात आणि शिमगा त्याआधीच आहे. जूनमध्ये तू पुण्याला नोकरीला जाशील, मग शिमग्याला रजा मिळते का ते तुला बघावं लागेल. म्हणून कॅप्टनला सांगितलंय, सत्तावीस फेब्रुवारीला कोलंबोला उतरतो. अठरा दिवस कमी पडतील, टॅक्स बसेल आणि तो थोडाथोडका नसेल. या वेळचा माझा फॉर्म तूच भर. पण आईला यातलं काहीच माहीत नाही. या पैशांवर तिने मागच्या पडवीचं काम धरलंय, आणि मला अंगणात बघितल्या बघितल्या ती आधी दिवस मोजेल. म्हणून मी पोचायच्या आधी तिला तूच सांग, मला धीर होत नाही. चिडली तर चिडू दे, मध्ये बोलू नकोस. ती गप्प झाली, की मला फोन लावून दे.

तुझाच,
बाबा