कोरडा शर्ट

मंगळवार, मे महिना. संध्याकाळी, दवाखान्यात.

मुंबईच्या नणंदेला मी नेहमी ऐकवते, सोलापूरचं ऊन कोरडं, तुमच्यासारखी चिकचिक नाही. कपडे अर्ध्या तासात वाळतात.

आज हे भर दुपारी सात रस्ता चौकात टेम्पो रिकामा करून आले. शर्ट कोरडाठाक. "बघा, घामाचा थेंब नाही!" मी कौतुकानं म्हणाले. हे म्हणाले, "अम्मी, पाणी दे की." त्यांची अम्मी जाऊन चार वर्षं झाली.

कपाळाला हात लावला तर चटका बसला.

डॉक्टर म्हणाले, उष्माघात आहे, घाम आटला हेच वाईट झालं. आणि मी खूश झाले होते! तो शर्ट मांडीवर घेऊन बसलेय. सारखी चाचपते, कुठंतरी ओला असेल.

नर्सनं त्यांच्या अंगावर ओली चादर घातली होती. अर्ध्या तासात वाळली.