वाळत टाकलेला कुर्ता

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मला त्या कुर्त्यावाल्या बाईचा राग येतो, हे आधी सांगून टाकते. तुला पाठवायला पत्ता नाही म्हणूनच तर हे लिहिता येतंय. घरकामाला म्हणून म्हसळ्याकडच्या गावातून आणून किहीमच्या बंगल्यात कोंडलेली, मारलेली ती विशीतली बाई पोलिसांनी तू नर्स होतीस त्या दवाखान्यात आणली, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. अंगभर खरूज, खोकला, अंगात रक्त नाही. हात लावण्याआधी तू दर वेळी तिला विचारायचीस, "बघू का गं?" ती "नाय" म्हणाली की थांबायचीस. मला कधी विचारलंस? माझे केस तर ओढून विंचरायचीस. त्यात गौरीच्या सणाला मला नेसवणार होतीस ती हिरवी साडी तू तिला दिलीस. मी नुसती जळत होते.

तिचा रक्ताने, चिखलाने ओला झालेला कुर्ता म्हणजे पुरावा. ओला बांधला तर कुजतो, सावलीत वाळवून कागदी पाकिटात सील करायचा. दवाखान्याची खोली गळत होती म्हणून तू तो आपल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात दोरीवर टाकलास आणि "हात लावू नको" सांगून ड्यूटीवर गेलीस. मी तो बादलीत बुडवून साबणाने घासला. तिचे कपडे तिला मिळाले की माझी साडी सुटेल, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी तू माझ्या भिजलेल्या बाह्या पाहिल्यास आणि धुतलेला कुर्ता तसाच उचलून दवाखान्यात नेलास. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर झापलं, "सिस्टर, पुरावा घरी नेता?" तेव्हा म्हणालीस, "माझ्याच हातून धुतला गेला." तुझी बढती अडली. तिला मारणारा सुटला.

आता त्याच दवाखान्यात मी डॉक्टर आहे. अशी कुणी आली की आधी तिची संमती, मग तपासणी, जखमांची नोंद, आणि कपडे सील होईपर्यंत मी खोलीतून हलत नाही. नर्स हसतात. परवा तीच बाई आली, केस पिकलेले, खोकला दाखवायला. भिंतीवरचा तुझा फोटो बघून म्हणाली, "माझीच आय व्हती ती." मी अजून तशीच जळले. मग तिने विचारलं, "ताय, माझा कुर्ता कोनी धुतला, ता कधी कललाच न्हाय."

मी म्हणाले, "आईने."

ती परत फोटोकडे वळली. "तिनं धुतला तं मंग चुकून धुतला आसंल," म्हणाली. मी तिला औषध लिहून दिलं.