छपरावरून तू विचारायचास

बा,

आज आपल्या बेटावर, इकडं क्युरपिप गावात, दिवसभर पाऊस. गुडघे धरलेत, म्हणून मोबाईलवर फ्रान्सच्या बातम्या लावून बसले. आता अँटेना लागत नाही, बा. बोट लावलं की परदेशातलं चॅनल हातात येतं, आणि चित्र इतकं लख्ख की बातम्या देणाऱ्या बाईच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसते. मी मात्र बातम्या ऐकतच नाही. तिच्या मागच्या गर्दीतली तोंडं बघत राहते. ही खोड तूच लावलेली.

ऐंशीच्या दशकात पितों गावातल्या आपल्या घरी टीव्ही आला तेव्हा मी पंधरा वर्षांची असेन. साखर कारखान्यातून तू घामाघूम होऊन यायचास, चहा तसाच ठेवून छपरावर चढायचास आणि अँटेना शेजारच्या रियुनियन बेटाकडे फिरवायचास, कारण तिथूनच फ्रान्सच्या बातम्या पकडता यायच्या. दादा फ्रान्सला कामाला गेलेला आणि दोन वर्षं त्याचं पत्र नाही. आई म्हणायची, "एवढ्या मोठ्या मुलखात तो कुठला दिसतोय?" तू म्हणायचास, "टेलीत माणसंच दाखवतात ना? मग तो काय माणूस नाही?" आणि आमचं नशीब असं, की अँटेनाचा दांडा तू धरून ठेवलास तरच चित्र यायचं. तू खाली उतरलास की पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्यामुळं बघायची मी, आणि वरून विचारायचास तू, "कोरेक? दिसतं नीट?"

त्या संध्याकाळी सगळं कोरेक होतं. तिकडच्या थंडीत गरिबांना फुकट सूप वाटत होते, आणि त्या रांगेत दादा उभा. दाढी वाढलेली, अंगात दुसऱ्या कुणाचा तरी मोठा कोट, हातात वाडगं. कॅमेरा जवळ आला तसं त्यानं तोंड फिरवलं. आई मागं चुलीशी, तिनं काही पाहिलं नाही. छपरावरून तुझा आवाज येतोय, "काय दाखवतात गं?" आणि मी म्हणते, "काही नाही, बा. मुंग्याच आहेत. उतर खाली." तू उतरलास आणि गार झालेला चहा प्यालास.

पुढं तुझी आशा आंबत गेली. गणपतीला घर भरलं की सगळ्यांदेखत म्हणायचास, "साहेब झाला तो. उसातल्या बापाची लाज वाटते त्याला." शेवटच्या आजारात तर बजावलंस, मी गेलो तर त्याला कळवू नका. जुन्या पत्त्यावर एक तार तरी करता आली असती. आम्ही केली नाही. अग्नी चुलतभावानं दिला. दादा माजला नव्हता, बा, तो लाजेनं गप्प होता, आणि हे या बेटावर एकट्या मला ठाऊक होतं. कुठल्या तोंडानं मी तुझ्या चितेपाशी उभी राहिले, मलाच कळत नाही.

हे पत्र मी कुणाच्या हाती देणार नाही. तुझ्या जिवाला लागू नये म्हणून खोटं बोलले, असं इतकी वर्षं मनाला सांगत आले. पहिल्या संध्याकाळी ते खरंही होतं. पण नंतर त्याला शिव्या घालून झाल्या की तू माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचास, "हीच माझी लेक आणि हीच माझा लेक." मला ते फार गोड वाटायचं. ते थांबू नये, म्हणून मी गप्प राहिले.