कागदावर नसलेली सात वाक्यं

बुधवार, ता. १४
दुपारी अडीच

प्रिय बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच खणात टाकलं नसशील, असं धरून चालतो. बरी आहेस ना? आम्ही दोघं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, रक्तदाब गोळीला जुमानतो. तुझी वहिनी सकाळी फिरून येते आणि माझ्या वयाचे लोक कसे धावत होते ते चहाबरोबर ऐकवते. माझ्या डाव्या कानात आता यंत्र आहे. तुझं श्रवणयंत्रांचं दुकान तीन थांब्यांवर असताना मी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ते घेतलं. तिथला माणूस काय म्हणाला असेल? "बिघडलं तर त्या बाईंकडेच न्या हो, श्रवणयंत्राला त्यांच्यासारखा हात दुसरा नाही." वहिनी तिथेच हसत सुटली. म्हणाली, "घ्या. देवानंसुद्धा कान धरला तुमचा."

तुझ्या भाचीचं, म्हणजे आमच्या लेकीचं, पत्र आलं. चंद्रावरच्या वसाहतीत तिला आठ महिने झाले. घुमटाच्या पत्र्यांचे सांधे जोडते, हातमोज्यांत घामाघूम होते, खूष आहे. किंवा परवापर्यंत होती. पत्राच्या शेवटी तिनं विचारलंय, "बाबा, ते आले तर आम्हाला आधी दिसतील की तुम्हाला?" मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. आपल्याकडे येणाऱ्या वाटेवरचं पहिलं घर तिचं आहे, हे तिला मी काय सांगू? तिला ते कळलं आहे म्हणूनच तर तिनं विचारलं.

तुझ्या गल्लीत काय हवा आहे? आमच्याकडे, त्या ताऱ्याकडून उत्तर आल्याची बातमी फुटली त्या दिवसापासून, लोक हळू बोलू लागले आहेत. खरंच सांगतो. दुकानात, जिन्यात, बसथांब्यावर, सगळीकडे कुजबुज. जणू मोठ्यानं बोललं तर वर ऐकू जाईल. समोरच्या घड्याळजीनं गच्चीच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली आहेत. मी म्हटलं, "अहो, प्रकाशाच्या अकरा वर्षांच्या वाटेवरून कुणी तुमच्या गच्चीत डोकावणार आहे का?" तर तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच तर त्यांना बोलावलंत." तो हसत नव्हता. त्याच्या बायकोनं त्याचा हात धरून त्याला आत नेलं.

बारके, मी जन्मभर बोलत आलो. सभागृहात बोललो, कारखान्याच्या फाटकाशी बोललो, भर उन्हात लाकडी खोक्यावर उभा राहून बोललो. माणूस अंगणात राहिला तर अंगणाएवढाच राहील, हे वाक्य मी किती गावांत म्हटलं असेल याची गणती नाही. आजही ते मला खरं वाटतं. आपण वर गेलं पाहिजे, वस्त्या केल्या पाहिजेत, एकाच भांड्यात सगळं दूध ठेवून उतू जायची वाट बघत बसू नये, यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. पण त्याच्या पुढचं वाक्य माझं होतं: "आणि या विश्वात आणखी कुणी असेल, तर त्याला हाक मारणं हे आपलं कर्तव्य आहे." तेव्हा तू म्हणाली होतीस, "दादा, अनोळखी रानात रात्र पडली तर शहाणं माणूस आधी गप्प उभं राहतं, कानोसा घेतं." आणि मी दुसऱ्याच दिवशी भर सभेत म्हणालो, "कानोसा भित्र्यांनी घ्यावा!" तीन हजार माणसं हसली. तू चौथ्या रांगेत होतीस.

हे सगळं तुला माहीत आहे. माहीत नाही ते लिहायला बसलो आहे आणि दोन पानं गुडघ्यावर नि घड्याळजीवर घालवली.

मागच्या मंगळवारी सकाळी अँटेनाच्या केंद्रावरून मला न्यायला गाडी आली. तू तिथलं काम सोडून गेल्यावर मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. तुझी तपासणीची खोली तशीच आहे. भिंतीला तेच आवाज शोषणारं राखाडी फेल्ट, तेच जड दार, फक्त खुर्ची नवी. हेडफोन लावून बसलेली बाई पस्तिशीची असेल. तिनं आधी माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, हृदयाचा काही त्रास नाही ना?" मग तिनं बटण दाबलं.

वर्तमानपत्रांत आलं आहे की उत्तर आलं. ते कशात आलं, हे या कामासाठी नेमलेल्या परिषदेनं दाबून ठेवलं आहे. ते माझ्या आवाजात आलं आहे.

माझ्या. तेवीस वर्षांपूर्वीच्या. घोगरेपणासकट, 'निघालो' म्हणताना माझा जो सूर थोडा वर जातो त्याच्यासकट. फक्त श्वास नाहीत. वाक्यांच्या मधले माझे श्वास कुणीतरी काढून टाकले आहेत. आपलाच आवाज श्वास न घेता बोलताना ऐकणं काय असतं, ते कोणत्याही शत्रूला ऐकावं लागू नये.

आवाज म्हणतो: "निघालो आहोत. दार नाही. कुंपण नाही. राखण नाही. निघालो आहोत." थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा तेच. आज नववा दिवस.

आपण त्यांना आकडे पाठवले होते, चित्रांतून शब्द शिकवले होते, सगळ्या पंडितांनी वर्षभर खपून तयार केलेलं अकरा मिनिटांचं भाषण पाठवलं होतं. त्यातला एक शब्द परत आलेला नाही. पोपटपंची असती तर कुठलंही काहीही आलं असतं. त्यांनी नेमकं तेवढंच निवडलं.

एक भाषातज्ज्ञ म्हणतात, घाबरू नका, हे नुसतं अनुकरण आहे. मी त्यांना विचारलं, "मग पट्टीचं काय?" ते चष्मा पुसू लागले. कारण लहरींची पट्टी रोज किंचित चढते आहे. तुला वेगळं सांगायला नको, पण मला त्या बाईनं समजावलं ते असं: गाडी आपल्याकडे येत असली की भोंग्याचा आवाज चढा लागतो. आणि पट्टी चढतच चालली असेल, तर गाडीचा वेग वाढतो आहे. आवाज त्या ताऱ्यावरून येत नाही. ताऱ्याच्या अलीकडून येतो. कोणी म्हणतं पोचायला चाळीस वर्षं, कोणी म्हणतं ऐंशी. मी तेव्हा नसेन. तुझ्या भाचीची मुलगी आज चार वर्षांची आहे, आमच्याकडेच असते. चाळीस धरली तर ती तेव्हा चाळिशीत असेल.

आता ते लिहितो.

उत्तरात परत आलेली ती वाक्यं कागदावर नव्हती. तुझ्याइतकं हे कुणाला ठाऊक असणार? पण नंतर झालेल्या चौकशीच्या कागदांत लिहिलं आहे की तपासनीस बाईंनी, म्हणजे तू, निष्काळजीपणानं मजकूर न ऐकताच सही केली. हे अर्धं खरं आहे, म्हणून पूर्ण खोटं आहे. पहिलं रेकॉर्डिंग माझा घसा बसल्यामुळे वाया गेलं. दुसरं संपलं तेव्हा साडेतीन वाजले होते. तारा चार-दहाला मावळणार होता, बाहेर सगळे पाहुणे खुर्च्यांत बसले होते, संचालक दारातून तुला हातानं खुणावत होते. तुझी पद्धत सगळ्या केंद्राला माहीत होती. कागद मांडीवर, अंगठा ओळीवर, डोळे मिटलेले, आणि अंगठा शेवटच्या ओळीपर्यंत गेल्याशिवाय सही नाही. स्वतः संचालकांचं भाषण तू दोनदा अडवलं होतंस.

त्या दिवशी तू मला विचारलंस, "दादा, कागदावरचंच बोललास ना?"

मी म्हणालो, "हो."

आणि तू सही केलीस. दुसऱ्या कुणी 'हो' म्हटलं असतं तर तू केली नसतीस.

विसरलो होतो, भान नव्हतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. भान होतं. कागद संपला, मायक्रोफोन चालू होता, आणि मला वाटलं, एवढ्या लांब जायचं आणि इतकं आळणी बोलायचं? छाती भरून आली आणि मी बोललो: "आम्ही निघालो आहोत. आमची पावलं लहान आहेत. आमच्या घराला दार नाही. कुंपण नाही. राखण नाही. आम्ही एकमेकांना भितो, तुम्हाला भिणार नाही. या." सात वाक्यं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण तेच, असं मला वाटत होतं. तू नेहमी म्हणायचीस, "उचलली जीभ लावली टाळ्याला." तेव्हा ती टाळ्याला नाही, आकाशाला लागली.

चौकशीत तुला विचारलं, तू म्हणालीस, "सही माझी आहे." एवढंच. एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी उठलो. तुला वाटलं असेल, दादा आता सांगेल. मी उठलो आणि 'चूक माणसाची नसते, उत्साहाची असते' यावर दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच तू पर्स उचलून निघून गेलीस. आईच्या आजारपणातसुद्धा तू माझ्याशी औषधांच्या वेळांपलीकडे बोलली नाहीस. बरोबर केलंस.

आता परिषदेला शुक्रवारी त्यांना उत्तर पाठवायचं आहे. चार ओळी ठरल्या आहेत: "आम्ही ऐकलं. तिथेच थांबा. आधी बोलू. मग ठरवू." आणि त्या माझ्याच आवाजात हव्या आहेत, कारण तिकडे एवढा एकच आवाज ओळखीचा आहे. मी हो म्हटलं. चार ओळी. शेंबडं पोरही म्हणेल.

काल सकाळी सराव केला. कागद समोर, चष्मा नाकावर, चार ओळी वाचल्या. त्या बाईनं मशीन बंद केलं आणि माझ्या समोरचा कागद उचलून घेतला. मी विचारलं, "आवाज नीट नाही का आला?"

ती म्हणाली, "आजोबा, शेवटचं वाक्य कागदावर नाही."

"कुठलं वाक्य? मी चारच वाचली."

तिनं मला ऐकवलं. चार ओळींनंतर माझा आवाज म्हणत होता, "आमच्या मुली वरती आहेत, त्यांना काही करू नका."

बारके, मला ते बोलल्याचं आठवत नाही. तेवीस वर्षांपूर्वी मी खोटं बोललो होतो. काल मी खोटंही बोललो नाही, मला कळलंच नाही. ज्यांना दार नाही एवढं ऐकून निघावंसं वाटलं, त्यांना मी मुली कुठे आहेत ते सांगत होतो. तो नुसता सराव होता, म्हणून ते बाहेर गेलं नाही. त्या मुलीनं, मुलगीच म्हणायची, मला पाणी आणून दिलं आणि माझी पाठ चोळत राहिली.

म्हटलं, "तूच तपास ना शुक्रवारी."

ती म्हणाली, "मी तुमची भाषणं शाळेत पाठ केली आहेत हो. तुम्ही बोलायला लागलात की मी ऐकत राहते, तपासत नाही."

आज सकाळी मी परिषदेपुढे उभा राहिलो. तयारी केली नव्हती. म्हणालो, "तिनं मला विचारलं होतं. मी हो म्हणालो. ते खोटं होतं." खाली बसलो. कुणी टाळी वाजवली नाही. अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे आज का सांगताय?" मी म्हणालो, "भीती वाटते म्हणून." कालपर्यंत हा शब्द मी फक्त दुसऱ्यांसाठी वापरत होतो. मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला भर वाक्यात अडवू शकेल असं कोणी आहे का?" मी तुझं नाव सांगितलं. त्यांना ते जुन्या कागदांत शोधावं लागलं.

माझ्या कबुलीची सहीशिक्क्याची प्रत सोबत आहे. ती तुझी आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. तिच्या बदल्यात मी काही मागत नाही, हे नीट समजून घे.

शुक्रवारी सकाळी नऊला तुझ्या दुकानासमोर गाडी येईल. ती रिकामी परत पाठवलीस तर मी तोंड उघडणार नाही, तसं लिहून दिलं आहे. मग दुसरा कुणी बोलेल, किंवा कुणीच बोलणार नाही, आणि तो आवाज रोज थोडा चढत राहील. कदाचित गप्प राहणंच शहाणपणाचं असेल. हे मला ठरवता येत नाही. तुला येईल. त्यांच्या उत्तराचे ते पाच तुकडे स्वतः ऐक, मग सांग: पाठवा किंवा पाठवू नका. या पृथ्वीवर मी एका माणसाचं ऐकायला हवं होतं, ते मी ऐकलं नाही.

वहिनी दारात उभी आहे. म्हणते, "किती लिहिताय? 'ये' एवढंच लिहा." तो शब्द लिहायला माझा हात धजत नाही. याआधी तो मी कुणाला म्हटला, तुला ठाऊक आहे.

पत्राखाली थोरल्यानं आशीर्वाद लिहायचा असतो. माझ्या शब्दांचं काय होतं ते ऐकून आलो आहे, म्हणून लिहीत नाही.

दादा