प्रेशर उतरवणारी गोळी

आई, आज तुला लिहायला बसले, कारण एक गोष्ट मला काही केल्या कळत नाहीये, आणि कळलं नाही तर विचारायचं ही सवय तूच लावलीस.

तुझं प्रेशर कशानेच खाली येत नव्हतं. मी डाळीत मीठ घालणं बंद केलं, तर ताट सरकवून म्हणालीस, "आजारी मी आहे गो, डाळ नाही." मग आपल्या रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मुंबईहून नव्या गोळ्या मागवल्या. इकडे त्या तेव्हा मिळतच नव्हत्या. प्रेशर असं उतरलं की डॉक्टरांनी खात्रीसाठी पट्टा पुन्हा बांधून पाहिला. तू पुन्हा पालीच्या शाळेत शिकवायला जायला लागलीस, आम्ही सगळे निर्धास्त झालो. आणि मग तुझे पाय सुजले, लघवी जवळजवळ थांबली, मासळीच्या वासानेही उमासे यायला लागले. रक्त तपासलं तर मूत्रपिंडं काम सोडत चाललेली. प्रेशर मात्र उत्तम.

अजून डोळ्यांपुढे आहे, आपण एस्टीने कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांकडे जातोय. आंबा घाटात तू खिडकीला डोकं टेकवून बसली आहेस. तिथे डॉक्टर नळी छातीवरून काढून बेंबीच्या वर ठेवतात आणि बराच वेळ ऐकत राहतात. आत रक्त सूं सूं करत वाहत होतं म्हणे. मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या दोन्ही रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असाव्यात, असं ते म्हणाले. रक्त कमी पोचतं म्हणून मूत्रपिंडं शरीरात एक हॉर्मोन तयार करायला लावतात, त्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि प्रेशर चढतं. त्याच दाबावर तुझ्या मूत्रपिंडांची गाळणी कशीबशी चालली होती. गोळीने ते हॉर्मोन अडवलं आणि गाळणीतला दाबच गेला.

तू वर्गात विचारावंस तसं विचारलंस, "म्हणजे हे चढलेलं प्रेशर मला मारतंय की जगवतंय?"

"दोन्ही, बाई," डॉक्टर म्हणाले.

गोळी बंद केली. लघवी सुरू झाली, सूज उतरली आणि प्रेशर पुन्हा चढलं. त्या रक्तवाहिन्या मोकळ्या करायचं ऑपरेशन मुंबईला होण्यासारखं होतं. मुलांच्या परीक्षा होऊ देत, मग जाऊ, असं तू ठरवलंस. परीक्षा झाल्या, पेपरही तपासून झाले, आणि निकालाच्या आधी मेंदूत रक्तस्राव होऊन तू गेलीस. मूत्रपिंडं तोवर बरी चालली होती. गोळी चालू ठेवली असती तर तू मूत्रपिंडांनी गेली असतीस का, की आणखी काही दिवस मिळाले असते? हे मी कुणाला विचारू?

आता मला साखर आहे, लघवीतून प्रथिनं जातात. इथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच जातीची गोळी दिली आहे, मूत्रपिंडं वाचवायला. मी तुझं सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या रक्तवाहिन्या तपासून घेतल्या, त्या मोकळ्या आहेत. तुमच्या गाळणीवर दाब जास्त पडतोय, तोच कमी करायचाय, असं त्यांनी मला समजावलं. मी मान डोलावली. शब्द कळले. पण जे तुझ्यापासून काढून घ्यायला नको होतं, तेच माझ्यापासून काढून घेतलं की मी वाचते, हे मनात बसतच नाही.

काल रक्ताचा रिपोर्ट आला. चांगला आहे. घरी सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. फक्त तुला म्हणून सांगते, पाकीट उघडताना एक क्षण मला वाटलं होतं, तुला सोसली नाही, तशी मलाही ती गोळी सोसू नये.