झाडाच्या मुळांचा पूल

यवतमाळ
१२ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुला कमी ऐकू येऊ लागल्यापासून फोनवर नुसती ओरडाओरड होते, म्हणून पुन्हा पत्रावर आले. बातमी अशी, की नोव्हेंबरात आम्ही चौघी निवृत्त मास्तरणी मेघालयाला चाललो. माझ्या शाळेतली कहकशां आहेच सोबत. तिथं झाडांच्या जिवंत मुळांचा पूल आहे. दरीत पायऱ्या उतरून जावं लागतं. खाली सावली दाट, आणि पाणी फोटोत रेशमासारखं यायला हवं असेल तर कॅमेरा हलता कामा नये. माझा हात आता कापतो.

तेव्हा ट्रायपॉड घ्यायचा आहे. दुकानात तीन पाहिले. एक अ‍ॅल्युमिनियमचा, स्वस्त पण जड. दुसरा कार्बन फायबरचा, सव्वा किलोचा, महाग. तिसरा इतका हलका, की पाय विणायच्या सुयांसारखे. घरातला फोटोग्राफर तू. कोणता घेऊ ते कळव. वहिनींना नमस्कार.

उत्तराची वाट पाहणारी,
रत्नप्रभा

दिग्रस
१९ सप्टेंबर २०२४

चि. रत्नप्रभा हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. हलका ट्रायपॉड म्हणजे पोरासोरांचं खेळणं. वारा आला की हलते. वजन आहे तर स्थिरता आहे. कार्बनवर पैसे उडवू नको, ते मिरवायसाठी असते. रामधनचा टेम्पो सोमवारी यवतमाळले येऊन राह्यला, त्याच्यासंगं माझा जुना पाठवतो. पंचवीस वर्षं वापरला, कधी हलला नाही.

तसं आजकाल कॅमेरा घेतला की जो तो फोटोग्राफर होते. तुले एवढा खटाटोप कायले पाह्यजे, मोबाइलवर काढ. तुझ्या वहिनीनं तुझा कोतवाल पक्ष्याचा फोटो बैठकीत लावला. माझा पैनगंगेच्या पुराचा होता, त्या जागी.

तब्येतीले जप. मेघालयात जळवा फार असतात म्हणे.

तुझा दादा,
श्रीकृष्ण

यवतमाळ
६ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
सा. न.

ट्रायपॉड पोचला. रामधननं तो उतरवला तेव्हा त्यानं मला विचारलं, की बाई यात लोखंड भरलं काय. तरी तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून मी आणि कहकशां सरावाला झरी जामणीच्या जंगलात गेलतो. फोटो स्थिर आला, खोटं कशाला बोलू. पण टेकडी अर्धी चढेस्तोवर माझा खांदा भरून आला आणि उरलेली वाट ते धूड कहकशांनं ओढलं. खाली आल्यावर तिनं विचारलं, की तुझ्या भावाला तू जावं असं वाटते की नाही. मी हसले. घरी येऊन मात्र हसू आलं नाही.

मग दुकानात जाऊन मीच परीक्षा घेतली. पाय पूर्ण ताणले, कॅमेरा लावला, खालच्या आकड्याला माझी पर्स अडकवली आणि पायाला टिचकी मारून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं, थरथर किती वेळ राहते. सुयांवाला थरथरतच राहिला. कार्बनवाला लगेच थांबला, फक्त मधला दांडा वर काढायचा नाही. घडी केली की पाठपिशवीत बसतो. घेतला. तुझा परत पाठवते आहे.

आणि भिंतीवरून एवढं मनाला लावून घेऊ नको. लहानपणी तुझ्या कॅमेऱ्यावर ऊन येऊ नये म्हणून छत्री धरून मी उभी राहायची. तू एकदाही तो माझ्या हातात दिला नाहीस. तेव्हा मीही जळायची. तुला दिसलं नाही, कारण तू सदा कॅमेऱ्यामागे.

दादा, तू पण चल ना. पायऱ्या नको उतरूस. वर रस्त्याच्या कडेलाही धबधबे आहेत.

तुझीच,
रत्नप्रभा

दिग्रस
१४ ऑक्टोबर २०२४

चि. रत्नप्रभा हीस,
आशीर्वाद.

ट्रायपॉड आला. एका पायाले चरा पडला.

मी वर रस्त्यावर बसून तुमच्या पिशव्या राखू काय? त्या पुलाचं चित्र मी बँकेच्या कॅलेंडरवर पाह्यलं, तवा तू कॅमेऱ्याले हातही लावत नव्हती. निवृत्त झालो की जायचं म्हणून पान फाडून ठेवलं. निवृत्त झालो अन् गुडघे गेले. आता तू जाऊन राह्यली. वहिनी विचारते, तोंड काहून पाडून बसले. मी म्हणतो, गुडघे दुखतात. खरं सांगू तर जळतो मी. ट्रायपॉडचं वजन मले माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच पाठवला.

जा तू. फोटो चांगला आला तर मले पाठवू नको.

राग धरू नये, एवढंच.
श्रीकृष्ण

यवतमाळ
२५ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोटो पाठवू नको म्हणाला होतास. पाठवायला तो नाहीच.

बाकीच्या दोघी वरच थांबल्या. आम्ही पुलापाशी पोचलो तेव्हा ऊन फांद्यांतून तिरपं येऊन नेमकं पाण्यावर पडलं होतं. ट्रायपॉड दगडांत रोवला, कॅमेरा लावला, चौकट बसवली. बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं आणि मागे कहकशां शेवाळावरून घसरली. ती ओरडली नाही. नुसतं माझं नाव घेतलं. वळून पाहिलं तर पाऊल भलतीकडे वळलेलं.

कॅमेरा काढला, ट्रायपॉडची घडी केली, त्याचे तिन्ही पाय ओढणीनं आवळून तो कहकशांच्या हातात काठी म्हणून दिला. एका बाजूनं काठी, दुसऱ्या बाजूनं मी. अर्ध्या वाटेवर ट्रायपॉडचा एक पाय चिरला. पुढं गावातल्या माणसांनी तिला पाठुंगळी वर नेलं. आता प्लास्टर आहे, बरी आहे, मला खूप बोलते, की फोटो काढून घ्यायचा होतास.

हॉटेलात आल्यावर मी रडले. तिच्या पायासाठी नाही, फोटोसाठी. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही, म्हणून लिहिलं. वहिनींना दाखवू नको.

तुझी,
रत्नप्रभा

दिग्रस
२ डिसेंबर २०२४

चि. रत्नप्रभा हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू खरं लिहिलं, म्हणून मीही खरं लिहितो. पत्र वाचलं अन् पह्यले मले बरं वाटलं. त्या दिवशी मी एक भाकर जास्त खाल्ली. वहिनीनं विचारलं, की आज गुडघे दुखायचे राह्यले वाटते. मी हो म्हटलं.

दुपारी पडलो तर झोप येईना. डोळ्यापुढं तू अन् ते तिरपं ऊन. मी सारखा पाहून राह्यलो, की तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं. कितीदाही पाह्यलं तरी एकच दिसलं. मी आधी बटण दाबलं असतं, मंग वळलो असतो. एक सेकंदाचं काम, कोणाले कळलंही नसतं. आयुष्यभर मी तसंच केलं असेल, आठवत नाही एवढंच.

तुले ते सुचलंही नाही. फोटोचं जळणं दोन दिवसांत गेलं असतं, बाई. हे जात नाही.

कहकशांबाईंना माझा सलाम सांग. ट्रायपॉडचा चिरलेला पाय इकडं पाठव, दिग्रसात जोडून भेटते काय ते पाहतो.

आहे तसाच भाऊ समजून घे.
श्रीकृष्ण