बोडक्या मानेच्या कोंबड्यांची वाटणी

मुलगा कल्याण म्हणतो, मृत्युपत्रात कोंबड्या लिहीत नसतात. मंग काय लिहितात? त्यानं कागद दोनदा फाडला. हा तिसरा आहे.

मी नंदाबाई रखमाजी खरात, वय बावन्न, राहणार हसनाबाद, चौथी शिकलेली. मंगळवारी जालन्याला पोटाचं ऑपरेशन आहे. डोकं बराबर आहे, कुणाच्या सांगण्यावरून लिहीत न्हाई.

१. मालक वारल्यापासून घर माझ्या नावावर आहे, ते कल्याणला. शिलाई मशीन मुलगी मनीषाला. सुनेनं तोंड वाकडं करू नये.

२. खुराडं, नऊ कोंबड्या आणि कोंबडा माझी थोरली जाऊ गोजरबाई हिला. कारण त्या तिच्याच आहेत.

पाच वर्षांमागं ती आईच्या दुखण्यात जाफराबादला गेल्ती. जाताना बोडक्या मानेची गावरान कोंबडी अर्ध्या वाट्यानं माझ्याकडं ठेवली. पिल्लं निघतील ती निम्मी तिची, निम्मी माझी. अकरा निघाली. पण कोंबडी वर्षाला साठच अंडी द्यायची, सारखी खुडूक होऊन अंड्यांवर बसायची. खुडूक मोडायला मी तिच्या नाकात पीस घातलं, पाण्यात बुचकळलं. तरी बसलीच. रागानं बाजारात विकली, पोल्ट्रीच्या पंचवीस पांढऱ्या आणल्या. रोज अंडं. मला वाटलं मीच हुशार.

जाऊ परत आली. मी सांगितलं, मुंगसानं पिल्लांसकट नेली. ती एवढंच म्हणाली, "पिसं तरी ठिवली असतील त्यानं, नंदा."

पिल्लं माझ्या मागल्या खोलीत होती. पिसं फुटल्यावर सगळ्यांच्या माना बोडक्याच राहिल्या. तिनं बघू न्हाई म्हणून मी आमच्या दोन घरांमधल्या भिंतीचं भांडण उकरलं, फाटक लावून घेतलं. भिंत तिच्या जागेत एक वीत गेलीय, तिचं खरं होतं. गावाला वाटतं तीच येत न्हाई.

पांढऱ्या दोन वर्षांत आटल्या, उन्हाळ्यात मेल्या. एकही अंड्यावर बसली न्हाई. आज अंगणात आहे ती सगळी त्या विकलेलीची पैदास. कोंबडी घेताना अंडी किती एवढंच मी मोजलं. किती वर्षं देती, स्वतः बसती का, हे जाऊबाईला विचारलं न्हाई.

३. भिंत पाडून एक वीत मागं घ्यावी. खर्च कल्याणनं करावा.

साक्षीदार: राधाकिसन सुग्रीव खरात (सही), बायनाबाई कचरू शिंदे (अंगठा).
नंदाबाई (सही). हसनाबाद, ता. भोकरदन, जि. जालना. गुरुवार, १६ एप्रिल २०२६.

जाऊबाई, नात प्रांजली हे तुम्हाला वाचून दाखवील. कोंबड्या घेता की न्हाई, ते रविवारी दिवस मावळायच्या आत सांगा. निरोप चालणार न्हाई. फाटक उघडं ठिवलंय, येऊन तोंडावर सांगा.